शक्तीचे आकडे भरले, वेदनेचा रकाना कोराच राहिला : जीबीएस, अतिदक्षता विभाग आणि नसांची दुखापत

सिंहगडपायथा (धागाकर्ती)

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या जीबीएसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटणारा आजार), रुग्ण एकामागून एक सापडू लागले, तेव्हा त्यांत माझे यजमानही होते. साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. विहिरीचे पाणी, टँकर, महापालिकेत नव्याने आलेली गावे यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. मला त्याविषयी लिहायचे नाही. त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारली नाही आणि रुग्णालयातही कुणी पुरेशी विचारली नाही, ती अशी की या माणसांना दुखते किती.

यजमान ५८ वर्षांचे आहेत. डिसेंबरअखेर त्यांना दोन दिवस जुलाब झाले, ते थांबले आणि आम्ही विसरून गेलो. नऊ-दहा दिवसांनी एका रात्री पाठ आणि दोन्ही मांड्या अशा दुखू लागल्या की त्यांना ना पडवे ना बसवे. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मणक्याची गादी सरकल्याचे निदान केले, कमरेला पट्टा बांधायला सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना जिन्यात त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि ती निसटल्याचे त्यांना खाली पोहोचल्यावर कळले. संध्याकाळी कमोडवरून उठता येईना, तेव्हा मात्र आम्ही रिक्षा बोलावली.

रुग्णालयात सिस्टर त्यांना ठरावीक वेळाने एका श्वासात आकडे म्हणायला लावत. पहिल्या रात्री ते बत्तीसपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीसपर्यंत, दुपारी सतरावर अडखळले आणि रात्री श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला. तो एकोणीस दिवस राहिला. या काळात पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर हातापायांची शक्ती, रक्तदाब, नाडी, प्राणवायू, लघवी असे सर्व काही वेळच्या वेळी लिहिले जात होते. ‘वेदना’ या शीर्षकाखालचा रकाना छापलेला होता, पण त्यात बरेच दिवस नुसती एक आडवी रेघ असे.

त्यांना पूर्ण शुद्ध होती. सर्व ऐकू येत होते, समजत होते, फक्त पापण्यांखेरीज काही हलत नव्हते. सहाव्या दिवशी मी घरून मुळाक्षरांचा तक्ता नेला, तोच, बालवाडीत भिंतीवर लावतात तसला. आपल्या वर्णमालेची मांडणी अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण आधी वर्गावर बोट ठेवायचे, क-वर्ग का, च-वर्ग का, ट-वर्ग का, आणि पापणी मिटली की त्याच ओळीतली पाच अक्षरे विचारायची. पहिला शब्द जुळायला सात-आठ मिनिटे लागली. तो शब्द होता ‘टाच’. चादर बाजूला केली तेव्हा डावी टाच पाच दिवस गादीत रुतून लालभडक झालेली दिसली. दुसरा शब्द होता ‘आग’. चादरीचा नुसता स्पर्श तळपायाला निखाऱ्यासारखा भाजत होता आणि मावशी दर दोन तासांनी ती चादर मायेने नीट पसरत होत्या.

घरी आल्यावर मी वाचू लागले. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे शोधनिबंध वाचण्याचे धाडस होते एवढेच. जीबीएसवरील उपचारांच्या बहुतेक सर्व चाचण्यांत रुग्णाची अवस्था मोजण्यासाठी ह्यूज यांची शून्य ते सहा अशी श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे निरोगी, दोन म्हणजे आधाराविना चालणारा, चार म्हणजे पलंगाला किंवा खुर्चीला खिळलेला, पाच म्हणजे व्हेंटिलेटरवरचा आणि सहा म्हणजे मृत. या सात पायऱ्यांत वेदनेला जागाच नाही. माणूस स्वतःच्या पायाने दवाखान्याबाहेर पडला की तो दोनवर आला, मग रात्रभर तळपाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसत असला तरी हरकत नाही.

वेदना मोजायचे ज्यांनी मनावर घेतले त्यांना काय आढळले, हेही सांगते. नेदरलँड्समध्ये १५६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३६ टक्के रुग्णांना शक्ती जाण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांतच वेदना सुरू झाली होती, आजाराच्या ऐन भरात ६६ टक्क्यांना वेदना होत होती आणि वर्षानंतरही ३८ टक्क्यांची वेदना गेली नव्हती. आमची ‘सरकलेली गादी’ त्या पहिल्या ३६ टक्क्यांतली होती. मला राग त्या अस्थिरोगतज्ज्ञांचा नाही, कारण पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णात कुणी जीबीएस शोधत बसणार नाही. पुढे इतके दिवस रकान्यात रेघ का मारली गेली, हे मात्र मला समजून घ्यायचे आहे. येथे वैद्यकीय क्षेत्रातील अनेक जण आहेत, म्हणून हा धागा.

पेट्रीडिश

ताई, लेख वाचून अंगावर काटा आला. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे रकान्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण जुलाब आणि नसा यांचा संबंध अनेकांना अजून गूढ वाटतो, म्हणून तेवढे लिहितो.

पुण्यातील रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही ठिकाणी कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काही ठिकाणी नोरोव्हायरस आढळला. कॅम्पिलोबॅक्टर स्वतः नसांपर्यंत जातच नाही. त्याच्या आवरणावर साखरेच्या रेणूंची जी साखळी असते, तिची ठेवण आपल्या नसांवरील जीएम-१ या गँग्लिओसाइडशी (साखर जोडलेल्या एका मेदद्रव्याशी) हुबेहूब जुळते. जपानमधील नोबुहिरो युकी यांनी ही जुळणी १९९३ मध्ये रासायनिक विश्लेषणाने दाखवली आणि २००४ मध्ये त्यांच्या गटाने याच जिवाणूच्या आवरणातील द्रव्य सशांना टोचून त्यांचे पाय लुळे पडताना दाखवले. शरीराने जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे चेहरा ओळखण्यात चूक करतात आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देतात. असा संसर्ग झालेल्या हजारांत एखाद्यालाच जीबीएस होतो, त्यामुळे जुलाब झालेल्या प्रत्येकाने घाबरण्याचे कारण नाही. क्लोरीन आणि उकळणे या दोन्हींपुढे हा जिवाणू टिकत नाही.

थोडे अवांतर लिहितो. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रेंच सैन्यातील तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत, ही आजही वापरात असलेली खूण त्यांनीच सांगितली. ते तिघे म्हणजे गियाँ, बारे आणि स्ट्रोल. प्रतिक्षिप्त क्रियांच्या विद्युत नोंदी स्ट्रोल यांनी घेतल्या होत्या आणि आजाराच्या नावातून गळाले तेही स्ट्रोलच. लांद्री या फ्रेंच डॉक्टरांनी तर १८५९ मध्येच पायांकडून वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन केले होते.

भूलवाला_कोल्हापूर

सिंहगडपायथा ताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षे अतिदक्षता विभागच सांभाळतो. त्या रेघेचे समर्थन करणार नाही, पण ती कशी मारली जाते हे प्रामाणिकपणे सांगतो.

नळी घातलेला रुग्ण बोलू शकत नाही, म्हणून वेदना निरीक्षणाने मोजण्याच्या पद्धती तयार झाल्या. फ्रान्समध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत तीन गोष्टी पाहते, त्या म्हणजे चेहऱ्यावरील भाव, हातांची हालचाल आणि व्हेंटिलेटरशी रुग्ण किती जुळवून घेतो. प्रत्येकीला एक ते चार गुण देतात आणि बेरीज तीन आली तर वेदनेचे कोणतेही लक्षण नाही असे धरतात. आता जीबीएसचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा आहे, हात हलत नाहीत आणि व्हेंटिलेटरशी झगडायला त्याच्या छातीत स्नायूंचे बळ नाही. असह्य वेदनेतही त्याची बेरीज तीनच येणार. साधन उत्तम आहे, पण ते ज्या खुणा वाचते त्या या आजाराने आधीच पुसलेल्या असतात.

अशा वेळी आम्ही नाडी आणि रक्तदाबाकडे पाहतो, आणि जीबीएस तेथेही दगा देतो, कारण हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही बिघडतात. काहीही न करता रक्तदाब दोनशेवर जातो आणि अर्ध्या तासात नव्वदवर येतो. कफ ओढण्यासाठी नळीत कॅथेटर घातला की काही जणांची नाडी एकदम मंदावते. दाब वाढला तो वेदनेने की आजाराने, हे मॉनिटर पाहून सांगता येत नाही. मग सिस्टर काय लिहिणार? त्यांच्याकडे दोन किंवा तीन रुग्ण असतात, खूण म्हणून धरायला काही हाती नसते आणि रेघ मारली जाते.

तुम्ही केले तेच योग्य साधन होते. शुद्धीत असलेल्या आणि पापणी हलवू शकणाऱ्या रुग्णाला विचारणे हे कोणत्याही गुणांकनापेक्षा वरचे आहे. आम्हीच विसरतो की तो शुद्धीत आहे.

आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तो आपल्याकडचा आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील भूलतज्ज्ञांनी २००२ मध्ये अतिदक्षता विभागातील जीबीएसच्या १८ रुग्णांवर गॅबापेंटिन या नसांच्या वेदनेवरील औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णाला सात दिवस औषध आणि सात दिवस तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या, मध्ये थोडी विश्रांती, आणि कोणत्या आठवड्यात काय दिले हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. औषधाच्या आठवड्यात वेदनेचे आकडे स्पष्टपणे उतरले आणि फेंटानिल या अफूवर्गीय औषधाची गरजही उतरली. त्याच गटाने २००५ मध्ये ३६ रुग्णांत गॅबापेंटिन आणि कार्बामाझेपिन यांची तुलना केली, त्यातही गॅबापेंटिन सरस ठरले. अठरा आणि छत्तीस हे आकडे लहान आहेत याची मला जाणीव आहे. तरीही जगभरच्या मार्गदर्शिका जीबीएसच्या वेदनेविषयी बोलतात तेव्हा प्रामुख्याने या दोन लहान चाचण्यांचा आधार घेतात, यावरून या विषयाकडे किती दुर्लक्ष झाले आहे ते कळते.

व्यवस्थापक

मध्येच येत आहे. धाग्यावर औषधांची नावे येणे अपरिहार्य आहे, परंतु मात्रा विचारू नये आणि सांगू नये. तसे दोन प्रतिसाद काढले आहेत.

दर्यावर्दी_मालवण

एक शंका आहे, धाग्यावरून वळण घेत असेल तर क्षमा करावी. माझ्या वडलांना दोन वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे येणारा ताप) झाला. मूत्रपिंडे आणि फुप्फुसे दोन्ही अडचणीत आली, गोव्यात नेऊन सोळा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. लेप्टो बरा झाला, ताप गेला, रक्ताचे अहवाल सुधारले, पण व्हेंटिलेटर काढायला गेले की श्वास टिकेना आणि पाय तर कापडाच्या बाहुलीसारखे पडून. एका डॉक्टरांनी जीबीएसची शंका घेतली, दुसऱ्यांनी ‘आयसीयूची कमजोरी’ म्हणून सोडून दिले. आम्ही कोकणी माणसे, आम्हाला वाटले अंथरुणाला खिळल्यामुळे अंग आखडले, तेल चोळून सुटेल. वडील आज काठी घेऊन बागेत जातात, पण रात्री पायांत मुंग्या आणि सुया टोचल्यासारखे होते. ‘आयसीयूची कमजोरी’ हा खरोखर वेगळा आजार आहे का?

ओंटारियोकर

काका, तुमच्या प्रश्नाने वळण घेतले नाही, उलट धागा जेथे जायला हवा होता तेथे नेला. मी येथे कॅनडात अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या वडलांच्या आजाराचे पहिले नीट वर्णन माझ्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर, ओंटारियोतील लंडन या शहरात झाले. चार्ल्स बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाचही जणांना गंभीर जंतुसंसर्ग होऊन एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, आणि मूळ आजार आटोक्यात आल्यावर व्हेंटिलेटर सुटेना. चित्र जीबीएसची शंका यावी असेच होते.

फरक तपासणीत कळतो. जीबीएसच्या नेहमीच्या प्रकारात नसेवरील मायलिनचे वेष्टण सोलले जाते, त्यामुळे एनसीव्ही तपासणीत (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते मोजणारी तपासणी) संदेशाचा वेग मंदावतो आणि पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढतात. बोल्टन यांच्या रुग्णांत वेग जवळजवळ शाबूत होता, संदेशाची उंची मात्र घटली होती, म्हणजे वेष्टण ठीक पण आतली तारच मेलेली. पाठीचे पाणीही बहुधा निर्मळ असते. येथे प्रतिपिंडांची चूक नसते. जंतुसंसर्गाच्या वणव्यात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजतात आणि पाझरतात, प्राणवायू कमी पोहोचतो, आणि तार मरण्याच्या आधीच तिच्यातील सोडियमच्या वाहिन्या बंद पडून ती मुकी होते. स्नायूही स्वतंत्रपणे झिजतात. म्हणून जीबीएसमध्ये देतात त्या इम्युनोग्लोब्युलिनचा (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचे औषध) येथे उपयोग दिसलेला नाही. तेल चोळण्याने नुकसान झाले नसेल, पण आखडणे हे कारण नव्हते.

हा प्रकार विरळ नाही. फ्रान्समधील एका अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, सात दिवस किंवा अधिक व्हेंटिलेटरवर राहून शुद्धीवर आलेल्या ९५ रुग्णांपैकी चौथ्या हिश्शाला अशी कमजोरी होती. हातापायांच्या बारा ठिकाणी प्रत्येकी पाच गुण, एकूण साठ, आणि अठ्ठेचाळीसच्या खाली गेले की कमजोरी मानायची. येथेही ताईंचा मुद्दा लागू पडतो, कारण साठच्या साठ गुण शक्तीचे आहेत. काकांच्या वडलांच्या सुया त्यात कुठेच नाहीत. इटलीतील ब्रेशा येथील गटाने २०१३ मध्ये अशा गंभीर रुग्णांच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले, तेव्हा वेदना आणि तापमान वाहून नेणारे अतिसूक्ष्म तंतूही घटलेले आढळले. नेहमीच्या एनसीव्हीत हे तंतू दिसतच नाहीत, त्यामुळे अहवाल ‘सुधारणा’ म्हणतो आणि रुग्ण ‘जळते’ म्हणतो, व दोघेही खरे बोलत असतात.

उपचारांविषयी माझे मत थोडे कडू आहे. बेल्जियममधील ल्यूव्हन येथे २००१ मध्ये इन्सुलिनने साखर अगदी काटेकोर ठेवून ही नसांची हानी लक्षणीयरीत्या घटवून दाखवली आणि जगभर तीच पद्धत सुरू झाली. पुढे सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, जी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, काटेकोर साखरेच्या गटात मृत्यू २७.५ टक्के आणि सौम्य गटात २४.९ टक्के निघाले. नस वाचवताना माणूस जात असेल तर तो सौदा कुणी करणार नाही. रुग्णाला लवकर उठवून बसवण्याचेही तसेच झाले. शिकागोच्या २००९ मधील १०४ रुग्णांच्या चाचणीत लवकर हालचाल केलेल्यांपैकी ५९ टक्के घरी जाताना स्वावलंबी होते, इतरांत ३५ टक्के. आम्हा फिजिओंना आकाश ठेंगणे झाले. मग २०२२ मध्ये ७५० रुग्णांची मोठी चाचणी आली. तिच्यात अधिक जोराने व्यायाम दिल्याने फायदा दिसला नाही आणि हृदयाची लय बिघडणे, प्राणवायू घसरणे असे प्रकार मात्र वाढले. मी रुग्णांना अजूनही लवकर बसवते. पण आता चेहरा आणि मॉनिटर पाहून थांबतेही.

भूलवाला_कोल्हापूर

ओंटारियोकर, शेवटच्या चाचणीबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. ज्या गटाशी तुलना केली त्यालाही रोज बऱ्यापैकी हालचाल दिली जात होती. त्यामुळे ‘व्यायाम निरुपयोगी’ असा अर्थ न काढता ‘बऱ्यापैकीच्या पुढे रेटण्यात लाभ नाही’ एवढाच काढावा. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी रुग्णाला कुशीवर वळवायलाही माणूस नसतो, तेथे हा निष्कर्ष नेऊन फिजिओ बंद करणारे महाभाग निघतील.

ओंटारियोकर

मान्य. ते मी घाईत लिहिले.

हळदीचा_बाजार (सांगली)

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. चुलतभावाला जीबीएस झाला तेव्हा पाच दिवसांत इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्यांवर घरातली सगळी शिल्लक गेली. दहा दिवसांनी सुधारणा दिसेना, तेव्हा पुन्हा एक पूर्ण कोर्स देऊ असे सांगण्यात आले. वहिनींनी पाटल्या मोडल्या. नंतर एका परिचित डॉक्टरांनी दुसऱ्या कोर्सची गरज नव्हती असे सांगितले. यात खरे काय? वेदनेची चर्चा महत्त्वाची आहेच, पण वेदना मोजण्याआधी माणसे बिल मोजतात.

भूलवाला_कोल्हापूर

दादा, उत्तर कठीण आहे, पण पुरावा स्पष्ट आहे. आधी पार्श्वभूमी सांगतो. रक्तातील प्लाझ्मा बदलण्याचा उपचार उत्तर अमेरिकेत २४५ रुग्णांच्या चाचणीने १९८५ मध्ये सिद्ध झाला. डच संशोधकांनी १९९२ मध्ये इम्युनोग्लोब्युलिन त्याच तोडीचे असल्याचे दाखवले. दोन्ही एकापाठोपाठ दिले तर अधिक गुण येतो का, हे १९९७ च्या मोठ्या चाचणीत पाहिले आणि ठळक लाभ दिसला नाही. स्टिरॉइडवर तर अनेकांचा विश्वास होता, पण १९९३ मध्ये २४२ रुग्णांत तेही निष्फळ ठरले.

दुसऱ्या कोर्सचा प्रश्न डच गटाने २०२१ मध्ये सोडवला. बरे होण्याची लक्षणे कमी असलेल्या ९३ रुग्णांना चिठ्ठी टाकून दुसरा कोर्स किंवा निष्क्रिय द्रव दिले. फायदा झाला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर त्रास दुसऱ्या कोर्सच्या गटात अधिक होते. तुमच्या भावाचा आजार त्याआधीचा असेल तर डॉक्टरांना दोष देता येणार नाही, कारण तेव्हा सगळे जग तसेच करत होते. नंतरचा असेल तर प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दहा दिवसांत सुधारणा नाही याचा अर्थ औषध वाया गेले असा नसतो. हे औषध हल्ला थांबवते, झालेली मोडतोड शरीर स्वतः दुरुस्त करते. वेष्टण गेले असेल तर काही आठवडे-महिन्यांत परत चढते. तार तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि कमरेपासून तळपाय सुमारे एक मीटरवर आहे, हिशेब तुम्हीच करा. त्या काळात कुटुंबाला काहीतरी विकत घेऊन घाई करावीशी वाटते, हे मी समजू शकतो.

पेट्रीडिश

खर्चाचा विषय निघालाच आहे तर ढाक्याचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. तेथील बहुसंख्य रुग्णांना प्लाझ्मा बदलणे आणि इम्युनोग्लोब्युलिन हे दोन्ही परवडत नाही. म्हणून रक्त साध्या पिशवीत घेऊन पिशवी टांगून ठेवायची, तांबड्या पेशी जडपणामुळे खाली बसल्या की वरचा प्लाझ्मा काढून टाकायचा आणि पेशी परत द्यायच्या, अशी यंत्राविना चालणारी पद्धत त्यांनी २० रुग्णांत वापरून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती करता येण्याजोगी आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे एवढेच त्यातून सिद्ध होते, गुणकारी आहे असे नाही. पुण्याच्या साथीत ससून, कमला नेहरू आणि यशवंतराव चव्हाण रुग्णालयांत मोफत उपचारांची घोषणा झाली म्हणून कितीतरी घरे वाचली. साथ नसताना एकट्यादुकट्या रुग्णाला असे छत्र कुठे मिळते?

दर्यावर्दी_मालवण

ओंटारियोकर ताई, आभार. वडलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘अहवाल खरा आणि मीही खरा’ हे वाक्य त्यांनी दोनदा म्हणवून घेतले. आता एक शेवटचे विचारतो. नस मेली असेल तर तिच्यातून दुखण्याचा संदेश येतोच कसा? मेलेला फोन वाजतो का?

भूलवाला_कोल्हापूर

काका, उत्तम प्रश्न. पूर्ण मेलेली तार बोलत नाही, पण अर्धवट जखमी तार आणि तिच्या शेजारच्या शाबूत तारा फार बोलतात. सोललेल्या किंवा तुटलेल्या जागी सोडियमच्या वाहिन्या चुकीच्या ठिकाणी गोळा होतात आणि कुणी स्पर्श न करता तेथूनच ठिणग्या उडतात. मेंदूला पत्ता तळपायाचाच कळतो. या ठिणग्या सतत येत राहिल्या की पाठीच्या कण्यातील पुढचे केंद्र इतके हळवे होते की चादरीचा स्पर्शही आगीसारखा वाचला जातो. गॅबापेंटिन कॅल्शियमच्या वाहिन्यांच्या एका उपघटकाला चिकटून हीच बडबड कमी करते, म्हणून साध्या अंगदुखीच्या गोळीने न शमणारी आग तिने काही जणांत शमते.

ताईंच्या यजमानांची पहिली पाठदुखी मात्र वेगळ्या जातीची होती. नसांच्या मुळांभोवती जे आवरण असते, त्याला स्वतःचे बारीक वेदनातंतू असतात, नसेच्या नसा म्हणा हवे तर. मूळ सुजले की हे निरोगी तंतू ओरडतात. म्हणजे एकाच आजारात आधी सूज दुखते, मग जखम दुखते, आणि पडून राहिल्याने सांधे व टाचा दुखतात ते निराळेच. ‘दुखते का’ एवढे विचारून भागत नाही, कसे दुखते तेही विचारावे लागते.

सिंहगडपायथा (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. डॉक्टर, तीनचा तो हिशेब वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आमच्या सिस्टर कामचुकार नव्हत्या. त्यांच्या हाती जे माप दिले होते त्यात आमचा माणूस मावत नव्हता, हे आता कळले, आणि त्यांच्याविषयी मनात धरलेली अढी गेली.

सांगलीच्या दादांना सांगते, आमच्याकडेही दुसऱ्या कोर्सचा विषय निघाला होता. तेथील मेंदूविकारतज्ज्ञांनी स्वतःहून नको म्हटले, त्यामुळे आमच्या पाटल्या वाचल्या. हा केवळ योगायोग होता.

यजमान आता आधाराविना चालतात. ह्यूज यांच्या श्रेणीत दोनवर आहेत. रात्री मात्र पायांवर चादर चालत नाही, म्हणून सुताराकडून पलंगाच्या पायथ्याशी लाकडी कमान करून घेतली आहे आणि चादर तिच्यावरून सोडतो. तळपाय मोकळे राहतात, थंडीही वाजत नाही.

अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून मुळाक्षरांचा तक्ता कसा केला ते विचारले, म्हणून येथेच लिहिते. बालवाडीच्या तक्त्यावर चित्रे असतात, ती डोळ्यांना त्रास देतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी जाड कार्डपेपरवर काळ्या मार्करने नवा लिहिला. स्वरांची एक ओळ, मग पाच वर्गांच्या पाच ओळी, मग य पासून ज्ञ पर्यंत. काना-मात्रा शेवटच्या ओळीत. जोडाक्षरांच्या नादी लागायचे नाही, शब्द अर्धा झाला की ओळखता येतो. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही. पाचव्या-सहाव्या शब्दानंतर डोळे थकतात, तेव्हा थांबायचे.

आणि अक्षरांच्या वर, सर्वांत पहिल्या ओळीत, चारच चौकोन आहेत : दुखते, जळते, वळवा, कफ. सिस्टरांनी वर्गांच्या फंदात न पडता आधी त्या चौघांवर बोट ठेवायचे असे ठरले होते. अकराव्या दिवसापासून तक्त्यावरच्या त्या रकान्यात रेघेऐवजी आकडे दिसू लागले. पहिला आकडा आठ होता.